उंची वाढविलेल्या पिकअप गाडीची थरथर व तिचें निदान

बैलगाडीच्या जागीं आतां पुष्कळ बागायतदारांच्या दारांत पिकअप गाडी उभी असलेली दिसते. ओढ्याचा उतार, शिवारांतील खडकाळ वाट व पावसाळ्यांतील चिखल यांत गाडीचें पोट घासूं नये म्हणून कित्येक जण तिची उंची वाढवितात व मोठे टायर बसवितात. हेतु वाजवी असतो. परंतु त्यानंतर ठराविक वेगास गाडी थरथरूं लागते असा अनुभव वारंवार येतो. ही थरथर केवळ अंगास नकोशी होते एवढेंच नव्हे. तिनें क्रॉस व बेअरिंगें झिजतात, द्राक्षांचे मणी घडांतून सुटतात, टोमॅटो क्रेटमध्यें चेंबतो, आणि घाटांत शाफ्ट निखळल्यास जिवावर बेततें.

प्रस्तुत लेखकानें आपल्या गाडीच्या मागील पाट्यांखालीं ७५ मिलिमीटरचे ठोकळे व चारी चाकांस मोठे टायर बसविले, तेव्हां ताशी ६० किलोमीटरच्या सुमारास गाडी थरथरूं लागली. चाकांचें बॅलन्सिंग दोन वेळां करविलें, एक टायर बदलला. पैसे गेले, थरथर तशीच राहिली. दोष टायरांत नव्हताच. निदानापूर्वीं उपचार केल्याचें तें फळ होतें. वाचकांनीं तीच चूक करूं नये, यास्तव तपासणीचा क्रम येथें देत आहों.

थरथरीची जात

दोष कोणत्या भागाचा, हें थरथरीच्या गतीवरून बरेंच ओळखतां येतें. २३५/७५ आर १५ या मापाच्या टायराचा परीघ सुमारें २.३ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास १००० मीटर. सबब या वेगास चाक सेकंदास सातांहून किंचित् अधिक फेरे घेतें. डिफरन्शिअलचें प्रमाण ४ धरल्यास शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे सेकंदास सुमारें २९ फेरे घेतो. आणि क्रॉसच्या कोनाचा दोष प्रत्येक फेऱ्यास दोनदां हिसका देत असल्यानें हिसके सेकंदास ५८ होतात. म्हणून चाकाच्या दोषानें गाडी हेलकावल्यासारखी हलते. शाफ्टाच्या दोषानें बारीक गुणगुण उठते, आरशांतील चित्र पुसट होतें व तळपायांस मुंग्या आल्यासारखें वाटतें.

रस्त्यावरील परीक्षा

सरळ व मोकळा रस्ता पाहून गाडी थरथरीच्या वेगास आणावी व गिअर न्यूट्रलमध्यें घ्यावा. इंजिन मात्र बंद करूं नये. तसें केल्यास ब्रेक व स्टिअरिंग जड होतात. थरथर कायम राहिली तर दोष चाकांत किंवा शाफ्टांत आहे असें समजावें. ती थांबली तर उभ्या गाडीवर इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर चालवून पाहावें. तेव्हांही थरथर आली तर इंजिन व त्याचे रबरी बैठे तपासावे. न आल्यास जोर पडतांच पिनियनचें नाक वर उचललें जाऊन क्रॉसचा कोन बिघडत असावा. भरली गाडी उभ्यानें उचलतांना ताशी २५ किलोमीटरपर्यंतच थरकांप होणें हेंही याचेंच, अथवा मधल्या बेअरिंगचें रबर फाटल्याचें लक्षण होय.

स्टिअरिंग हातांत थरथरत असेल तर पुढील चाकें, व बैठक थरथरत असेल तर मागील चाकें किंवा शाफ्ट पाहावा. केवळ ब्रेक दाबतांना थरथर येत असेल तर डिस्क वा ड्रम वांकडा झाला आहे. खड्ड्यांत आदळल्यावर स्टिअरिंग जोरानें डावें-उजवें फेकूं लागल्यास वेग हळूहळू कमी करून गाडी थांबवावी, आणि टाय रॉडचे सांधे, किंगपिन किंवा बॉल जॉइंट तपासल्यावांचून ती पुन्हां रस्त्यावर आणूं नये.

चाकांची तपासणी

प्रथम रिमच्या आंतील बाजूस वाळलेला चिखल आहे काय हें पाहावें. काळ्या मातीचें एक ढेकूळ आंत चिकटलें तरी चाकाचा तोल जातो, व धुण्याच्या पाण्यानें काम भागतें. नंतर हवा भरून जॅकवर चाक फिरवावें व टायराजवळ खडू स्थिर धरावा. खडू एकाच जागीं लागून इतरत्र दीड मिलिमीटरहून अधिक फट राहत असेल तर टायर नीट बसला नाहीं किंवा रिम वांकली आहे. तसें चाक बॅलन्सिंगनें पूर्णपणें सुधारत नाहीं. नव्या रिमचें मधलें भोंक हबवर घट्ट बसतें काय हें पाहावें, आणि नट समोरासमोरचे, क्रमाक्रमानें आवळावे. शेवटीं पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें घालावीं. थरथरीची जागा बदलली तर दोष चाकाचाच होय.

शाफ्टाचे कोन

कार्दानो व हूक यांच्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या या क्रॉसच्या सांध्याचा गुण असा कीं, तो कोनांत फिरतांना एका बाजूस गति सारखी असली तरी दुसऱ्या बाजूस ती एका फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. दोन्हीं टोकांच्या क्रॉसचे कोन समान असले आणि शाफ्टावरील दोन्हीं फोर्क एका पातळींत असले, तर एकाची चूक दुसरा फेडतो. म्हणून शाफ्ट सोडण्यापूर्वीं जोडावर खूण करून ठेवावी. क्रॉसचा कोन ३ अंशांच्या आंत ठेवावा. कोन वाढला कीं हिसक्याचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो.

गाडी सपाट जागीं, चाकांवर उभी ठेवून मोबाईलमधील कोनमापकानें गिअरपेटीचें टोक, शाफ्ट व पिनियन यांचा उतार मोजावा. जॅकवर घेतलेलें माप उपयोगी नाहीं, कारण तेव्हां ॲक्सल खालीं लोंबतो. आमच्या गाडीचे मूळ कोन पेटी ४, शाफ्ट ६ व पिनियन ४ अंश होते. म्हणजे दोन्हीं क्रॉस २ अंशांत चालत होते. शाफ्ट १.४ मीटर लांबीचा. ७५ मिलिमीटर उंचीनें त्याचा उतार ३ अंशांनीं वाढून ९ झाला. शिवाय ठोकळे एका बाजूस उतरते असल्यानें पिनियनचें नाक ३ अंश वर होऊन तें ७ वर आलें. परिणामीं पुढचा क्रॉस ५ अंशांत व मागचा २ अंशांत फिरूं लागला. चूक फेडणारा कोणी उरला नाहीं. उतरते ठोकळे काढून २५ मिलिमीटरचे सरळ ठोकळे घातले. शाफ्ट ७, पेटी व पिनियन ४ अंश झाले, दोन्हीं क्रॉस ३ अंशांवर आले व थरथर थांबली.

दोन तुकड्यांचा शाफ्ट असल्यास पेटीच्या जागीं पुढील तुकड्याचा उतार धरावा. पिनियनचा थोडा फरक पाचरीनें सुधारतां येतो. परंतु ठोकळ्यावर ठोकळा कधींही रचूं नये, आणि यू-बोल्ट कांहीं दिवसांनीं पुन्हां आवळून घ्यावे.

सावधगिरी

कित्येक पिकअप गाड्यांत मागील ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणें कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह असतो व त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. उंची वाढली कीं गाडी रिकामी आहे असें त्यास भासतें, व भरल्या गाडीचे मागील ब्रेक हलके पडतात. म्हणून त्याची जोडणी नव्यानें करून घ्यावी. २१५ ऐवजीं २३५ चा टायर घातल्यास स्पीडोमीटर सुमारें ४ टक्के कमी वेग दाखवितो, हेंही ध्यानांत ठेवावें. टायराची भारक्षमता मूळ टायरापेक्षां कमी नसावी. तसेंच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या व नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे. अपघाताच्या प्रसंगीं विम्याचा प्रश्नही त्यामुळें उभा राहूं शकतो. सबब काम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें श्रेयस्कर.

वाट सुधारण्यास चार गाड्या मुरूम पुरत असेल, तर गाडी उंच करण्यापेक्षां तोच खर्च शहाणपणाचा. उंची वाढविणें अटळच असेल तर ती थोडी वाढवावी, कोन आधीं मोजून टिपून ठेवावे, आणि थरथर आल्यास प्रथम धुणें, मग मोजणें व शेवटीं खर्च हा क्रम सोडूं नये.