मोदक : एका गुबगुबीत अक्षरसंचाची ओळख

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर मजकुराचा हेतू ओळखून अक्षराचे वळण निवडता येईल.

प्रस्तावना

बोलताना आवाजाला चढउतार असतो, तसाच छापील शब्दालाही अक्षरांच्या वळणामुळे एक सूर लाभतो. निधनवार्ता आणि मिठाईच्या खोक्यावरील नाव एकाच लिपीत असले, तरी दोहोंना एकच वळण शोभत नाही. एकाच वळणाच्या सर्व अक्षरांच्या समूहाला ‘अक्षरसंच’ किंवा ‘फॉन्ट’ म्हणतात. काही अक्षरसंच सलग वाचनासाठी, तर काही केवळ शीर्षकांसाठी घडवलेले असतात. ‘मोदक’ हा दुसऱ्या प्रकारचा अक्षरसंच होय.

अक्षरांची घडण

मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मोदक’ तयार केला. त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी घडवली. २०१५ पासून तो गूगलच्या संग्रहात असून खुल्या परवान्यामुळे कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

देवनागरी अक्षर जाड करणे सोपे नाही. वर शिरोरेषा व मात्रा, खाली उकार आणि मध्ये अनेक वळणे, अशी त्याची रचना दाट असते. रेषा जाड होऊ लागली, की आतील मोकळी जागा बुजते आणि अक्षराची ओळखच हरवते. कारण अक्षर जसे रेषेने, तसेच पोकळीनेही घडते. ‘मोदक’मध्ये ही पोकळी पूर्णपणे बुजू दिलेली नाही, ती एका बारीक, नागमोडी रेघेच्या रूपाने राखली आहे. मोदकाच्या कळ्यांमधील घड्या आठवाव्यात, अशीच ती दिसते.

योग्य उपयोग

बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, खाऊच्या दुकानाची पाटी, गणेशोत्सवाचा फलक अशा ठिकाणी हा अक्षरसंच खुलतो. शब्द दोन-तीनच असावेत, आकार मोठा असावा आणि पार्श्वभूमी एकरंगी असावी. अक्षरांना पुन्हा किनार देऊ नये. खरबरीत कागदावर लहान आकारात छापल्यास शाई पसरून बारीक रेघा भरून जातात.

कोठे टाळावा?

औषधाची मात्रा, गाड्यांचे वेळापत्रक, अर्जातील सूचना यांसाठी असे वळण वापरू नये. ‘प’ आणि ‘ष’ यांतील भेद एका तिरप्या रेघेचा, तर ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद लहानशा गाठीचा असतो. सराईत वाचक संदर्भावरून शब्द ओळखतो. नवसाक्षर मात्र एकेक अक्षर न्याहाळून वाचतो. त्यातच ‘१’ आणि ‘९’ हे अंक धूसर छपाईत सारखे भासतात. गोळ्यांची संख्या वाचताना अशी चूक झाली, तर ती जिवावर बेतू शकते. म्हणून खेळकर अक्षराने लक्ष वेधावे आणि महत्त्वाची माहिती साध्या, सुस्पष्ट अक्षराने द्यावी.

शब्दार्थ

नागमोडी – वळणावळणाची
नवसाक्षर – नुकतेच लिहावाचायला शिकलेला
सराईत – सवयीने तरबेज झालेला

पाठगत प्रश्न

१. देवनागरी अक्षर जाड करणे कठीण का असते?
२. औषधाच्या सूचनेसाठी ‘मोदक’ अयोग्य का ठरतो?
३. परिसरातील एका पाटीचे निरीक्षण करून तिच्या अक्षरांविषयी पाच वाक्ये लिहा.