कोंबडीचा तंटा खुराड्यातच मिटवा

सभासद बंधूंनो, कोंबडी शेजाऱ्याचा मेथीचा वाफा उकरते, त्यावरून बोलाचाली होते, आणि तोडणीच्या वेळी तोच शेजारी उसाची गाडी बांधावरून जाऊ देत नाही. मूठभर मेथीपायी ऊस फडात वाळतो.

‘कोंबड्या कोंडवाड्यात घालतो,’ असे काहीजण म्हणतात. पण गुरे कोंडण्याच्या 1871 च्या कायद्यात हत्ती-उंटापासून शेळी-मेंढीपर्यंत नावे आहेत, कोंबडीचे नाही. तेव्हा बंदोबस्त मालकानेच करावा.

1) कोंबड्या बहुतेक सकाळीच अंडी घालतात. दहापर्यंत खुराड्यात ठेवा; अंडीही घरातच राहतील.

2) एकाच पंखाची लांब पिसे कातरा. तोल जाऊन कोंबडीला कुंपण ओलांडता येत नाही. मात्र रक्त असलेली कोवळी पिसे कातरू नयेत.

3) शेजाऱ्याने उगवत्या वाफ्यावर बोराटी पसरावी.

4) मानमोडीच्या लशीच्या एका बाटलीत पुष्कळ कोंबड्यांचे डोस असतात, आणि कालवलेली लस काही तासांतच वापरावी लागते. म्हणून दोन्ही घरांनी एकाच दिवशी टोचून घ्यावी.

एवढे करूनही नुकसान झालेच, तर हुज्जत न घालता भरून द्या, वर चार अंडी द्या. तोडणीला त्याच्याच बांधावरून जायचे आहे.