दूरच्या यंत्राचा कारभारी

(मोठे संगणक एका जागी असतात आणि त्यांची देखभाल करणारी माणसे पुष्कळदा दुसऱ्या जागी असतात. दूरच्या यंत्रातील बिघाड कसा ओळखावा, तो दुरुस्त करताना कोणती काळजी घ्यावी आणि या कामात खरेपणाला एवढे महत्त्व का आहे, हे या पाठात सांगितले आहे.)



पावसाळ्यात तुम्ही हवामानाचा अंदाज ऐकता. उद्या पाऊस येणार की नाही, हे शेतकऱ्याला कळले तर तो पेरणीचा विचार करतो. हा अंदाज तयार करण्यासाठी प्रचंड आकडेमोड करावी लागते. पुण्यात पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथील महासंगणकाचे नाव 'अर्क' असे आहे. अर्क म्हणजे सूर्य. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी!

महासंगणक पुण्याला नवे नाहीत. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीपाशी माणूस बसवलेला नाही. एका नियंत्रण कक्षातून सर्व तबकड्यांना हुकूम जातात.

मोठ्या संगणकांचेही तसेच आहे. ते थंड हवेच्या बंद खोलीत असतात. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून कोणी बसत नाही. काम देणारा दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्या देशात असतो. मग असे यंत्र बिघडले तर ते दुरुस्त कोण करतो? ते काम सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचे. आपण त्याला संगणकाचा कारभारी म्हणू.

कोणताही संगणक चालवण्यासाठी एक मूळ प्रणाली लागते. 'युनिक्स' ही अशीच एक प्रणाली. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी तिच्या कामाला सुरुवात केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिच्याच धर्तीवर 'लिनक्स' लिहिण्यास सुरुवात केली. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची एक यादी प्रसिद्ध होत असते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील सर्व संगणक लिनक्सवर चालत आले आहेत.

युनिक्सला चित्रांची गरज नसते. कारभारी अक्षरांत हुकूम लिहितो आणि यंत्र अक्षरांत उत्तर देते. त्यामुळे तारेवरून दूर बसूनही काम करता येते. पूर्वी हे हुकूम उघडे जात असत. पोस्टकार्डावरचा मजकूर जसा कोणालाही वाचता येतो, तसा वाटेत कोणालाही परवलीचा शब्द वाचता येत असे. १९९५ साली फिनलंडमध्येच तातू इलोनेन यांनी यावर उपाय काढला. त्याचे नाव 'एसएसएच'. यात प्रत्येक अक्षर गुप्त लिपीत बदलून जाते. पोस्टकार्डाऐवजी लाखेची मोहर लावलेला लखोटा जावा, तसेच हे.

आता कारभारी काम कसे करतो, ते पाहू. समजा, तुम्ही मोठे झाला आहात आणि पुण्यात कोंढव्यात राहता. दुसऱ्या शहरातील एका महाविद्यालयाचा संगणक तुम्ही घरून सांभाळता. जून महिना आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. तेवढ्यात फोन येतो.

"अहो सर, प्रवेशअर्जाचं पान उघडत नाही. उद्या शेवटची तारीख आहे. मुलं सारखी फोन करतायत."

अम्मी विचारते, "इतक्या रात्री कुणाचा फोन?" तुम्ही सांगता, "मशीन आजारी आहे, अम्मी." आणि दिवा लावून बसता.

पहिला प्रश्न असा, की यंत्र जागे आहे का? 'पिंग' हा हुकूम देऊन तुम्ही त्याला हाक मारता. यंत्र ओ देते. म्हणजे वीज आहे आणि तारही शाबूत आहे. एका प्रश्नाने निम्म्या शंका गेल्या. मग एसएसएचने तुम्ही आत जाता.

यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, असा मोह येथे होतो. पण घाई करू नका. यंत्र बंद केले तर बिघाडाच्या काही खुणा पुसल्या जातील. शिवाय ते पुन्हा चालू झालेच नाही तर? बटण दाबायला तेथे कोण आहे? डॉक्टर आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. कारभाऱ्यानेही आधी पाहावे, मग हात लावावा.

'डीएफ' हा हुकूम डिस्कवरील जागेचा हिशेब देतो. उत्तर येते, 'शंभर टक्के भरली'. जागाच नाही, तर नवा अर्ज लिहिणार कोठे? मग 'डीयू' या हुकुमाने जागा कोणी अडवली आहे, ते शोधता. एक रोजनिशी अफाट फुगलेली दिसते. युनिक्समध्ये बरेच प्रोग्रॅम आपली रोजनिशी लिहीत असतात. तिला 'लॉग' म्हणतात. ही रोजनिशी अर्जाची पावती तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. 'टेल' या हुकुमाने तिच्या शेवटच्या ओळी वाचता. पुन्हा पुन्हा एकच तक्रार लिहिलेली आहे, 'पावत्यांच्या कप्प्यात लिहिण्यास परवानगी नाही.' त्या ओळी तुम्ही आपल्या घरच्या संगणकावर उतरवून घेता. हा पुरावा आहे.

आता ती रोजनिशी तुम्ही पुसून टाकता. पुन्हा हिशेब मागता. उत्तर तेच, शंभर टक्के! नवशिका येथे गोंधळतो. याचे कारण समजून घ्या. समजा, मुसाफिरखान्याच्या वहीतून एका मुसाफिराचे नाव खोडले, पण तो अजून खोलीतच बसला आहे. मग खोली रिकामी झाली का? नाही. युनिक्समध्येही फाइलचे नाव पुसले, तरी जो प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला आहे, तो ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. फाइल कोणी उघडून ठेवली आहे, हे 'एलसॉफ' हा हुकूम सांगतो. तुम्ही फक्त तेवढा प्रोग्रॅम थांबवता. जागा मोकळी होते. प्रवेशअर्जाचे पान उघडते.

काम संपले का? नाही. ताप उतरला, पण रोग कळला नाही. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, तर तो पुन्हा तीच तक्रार लिहीत सुटेल. कप्प्याची परवानगी गेली कशी? कारभाऱ्याचा जुना नियम आहे, 'काल काय बदलले, ते आधी विचारा.' तुम्ही कामाची नोंदवही उघडता. तेथे काल सायंकाळी सहाची नोंद आहे. कप्प्यांच्या परवानग्या बदलल्या. बदलणाऱ्याचे नाव तुमचेच आहे.

कप्प्याची परवानगी दुरुस्त करायला एक मिनिट लागते. प्रोग्रॅम सुरू होतो, अडकलेल्या पावत्या तयार होतात. रात्रीचा एक वाजला आहे. महाविद्यालयात कोणालाही युनिक्स कळत नाही. 'डिस्क भरली होती, दुरुस्त केली', एवढेच सांगितले तर सगळे आभार मानतील. नोंदवहीतील ती एक ओळ खोडली तर कोणाला पत्ताही लागणार नाही.

मित्रांनो, येथे कारभाऱ्याची खरी परीक्षा असते. चांगला कारभारी नोंदवहीत लिहितो, 'कालचा बदल माझा. तो केल्यावर पावती निघते की नाही, हे मी तपासले नाही. यापुढे तपासीन. डिस्क ऐंशी टक्के भरताच इशारा मिळेल, अशी सोय केली आहे.' ही नोंद उद्या दुसऱ्या कारभाऱ्याच्या उपयोगी पडते. खोटी नोंद मात्र त्याला अंधारात चुकीच्या दाराकडे नेते. दूर बसलेल्या माणसाला यंत्र दिसत नाही. त्याला फक्त नोंदी दिसतात. नोंदीच खोट्या असतील, तर तो पाहणार कशाने?

दूरच्या कामात आणखी एक धोका असतो. ज्या फांदीवर आपण बसलो आहोत, तीच तोडण्याचा! याचा एक मोठा दाखला पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. भारतात तेव्हा रात्र होती. त्या कंपनीत देखभालीचे नेहमीचे काम चालू होते. तेव्हा दिलेल्या एका हुकुमाने कंपनीच्या संगणककेंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. असे हुकूम अडवण्यासाठी एक तपासणी प्रोग्रॅम होता, पण त्यातही दोष होता. जाळे दुरुस्त करायचे, तर जाळ्यातूनच जायला हवे होते! शेवटी माणसांना प्रत्यक्ष संगणककेंद्रांत जावे लागले.

म्हणून शहाणा कारभारी आधी परतीची वाट राखतो. दाराच्या कुलपात बदल करताना तो आपली आधीची जोडणी तोडत नाही. दुसरी जोडणी करून नवे कुलूप उघडते का, ते पाहतो. कधी तो यंत्राला आधीच सांगून ठेवतो, 'दहा मिनिटांत मी काही बोललो नाही, तर जुनी मांडणी परत आण.' मोठ्या संगणकात तर एक छोटा स्वतंत्र संगणकही बसवलेला असतो. मोठा झोपला, तरी हा जागा असतो आणि दुरून हुकूम मिळताच त्याला उठवतो.

युनिक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या खात्याला 'रूट' म्हणतात. रूटला प्रत्येक कप्पा उघडता येतो. प्रत्येकाचे पत्र वाचता येते, सर्व काही पुसताही येते. पण ही सत्ता त्याची स्वतःची नसते. ती लोकांनी त्याच्याकडे ठेवलेली अमानत असते. म्हणून तो रोजचे काम साध्या खात्याने करतो आणि गरज पडली, तरच रूटची किल्ली हातात घेतो.

तुमच्यापैकी काही जण पुढे हे काम करतील. हुकूम पुस्तकातून शिकता येतात. पण आधी पाहण्याची, एका वेळी एकच बदल करण्याची आणि आपली चूक आपल्या हाताने लिहिण्याची सवय आजच लावून घेता येईल. त्यासाठी संगणक लागत नाही. एक वही पुरते.

शब्दार्थ

कारभारी – व्यवस्था पाहणारा
परवलीचा शब्द – ओळख पटवण्याचा गुप्त शब्द
लखोटा – बंद पाकीट
शाबूत – न मोडलेले
ओ देणे – हाकेला उत्तर देणे
रोजनिशी – रोजच्या घटनांची नोंद
नवशिका – नुकताच शिकू लागलेला
मुसाफिरखाना – प्रवाशांच्या मुक्कामाची जागा
अमानत – विश्वासाने सोपवलेली ठेव

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सी-डॅक ही संस्था कोठे व केव्हा सुरू झाली?
(आ) एसएसएचमुळे कोणता धोका टळला?
(इ) 'डीएफ' हा हुकूम कशाचा हिशेब देतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) यंत्र बंद करून चालू करण्याची घाई करू नये.
(आ) रोजनिशी पुसूनही डिस्कवर जागा झाली नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ४ ऑक्टोबर २०२१ रोजी काय घडले? त्यातून कोणता धडा मिळतो?
(आ) कारभाऱ्याने आपली चूक नोंदवहीत लिहिली नसती, तर काय झाले असते? तुमचे मत लिहा.

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
ओ देणे, पत्ता न लागणे, वाट राखणे, अंधारात नेणे.

प्र. ५. हुकूम, दुरुस्त, अमानत, तक्रार, दाखला हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांपैकी 'तक्रार' व 'दाखला' या शब्दांचे मराठीतील अर्थ व उर्दूतील अर्थ यांत कोणता फरक आहे, तो शिक्षकांच्या मदतीने लिहा.

उपक्रम : घरातील एखादी बिघडलेली वस्तू दुरुस्त होताना पाहा. आधी काय पाहिले, मग काय बदलले आणि शेवटी काय कळले, याची क्रमाने नोंद करा.