खडखडाटाचे निदान : वाहनातील आवाज आणि त्यावरचे उपाय

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या पत्र्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या विषयाशी माझी गाठ ग्रंथालयात पडली नाही, ती मामांच्या व्हॅनमध्ये पडली. मामा रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाहून तालुक्याच्या शाळेत मुलांची ने-आण करतात. त्यापूर्वी वीस वर्षे त्यांनी मालट्रक चालवला. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी व्हॅनचे सरकते दार नीट न लागता तसेच राहिले. मागच्या बाकावरची मुले "काका, दार! दार!" म्हणून ओरडत होती. मामांच्या ते ध्यानात आले, ते वळणावर दार हातभर सरकल्यानंतर. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. घरी आल्यावर मामा खाली मान घालून म्हणाले, "दार वाजत होतं गं. पण या गाडीत वाजत नाही असं आहे तरी काय?"

पुढच्याच आठवड्यात मामा शहरातील एका दुकानात गेले आणि जवळजवळ दोन महिन्यांची कमाई खर्चून आले. दुकानदाराने तळाला व दारांना आतून चंदेरी चादरी चिकटवून दिल्या, त्यांवर फोम लावला. पत्र्याचा टणटणाट काहीसा कमी झाला, पण खडखड जशीच्या तशी राहिली. पैसे गेले आणि आवाज राहिला, असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, मेस्त्रींना विचारून घेतले आणि स्वतः करून पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

आवाजाच्या दोन वाटा

आवाज म्हणजे कंपन, हे आपण शाळेत शिकलो. वाहनात हे कंपन आपल्यापर्यंत दोन वाटांनी पोचते. एक वाट घन पदार्थांतून जाते. टायरखाली खडी आली की तिचा हादरा चाक, स्प्रिंग, चौकट असे करीत पत्र्यापर्यंत येतो आणि पत्रा ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरून हवेला हलवतो. दुसरी वाट सरळ हवेतून येते. बाहेरचा घोष दाराच्या फटीतून, काचेतून आणि तळाच्या भोकांतून आत शिरतो. पहिल्या वाटेचा उपाय दुसऱ्या वाटेला लागू पडत नाही. ताप कशाने आला हे न पाहता औषध द्यावे, तसा प्रकार बहुतेक वाहनांच्या बाबतीत होतो.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेने चालत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट वाटतो. तीन डेसिबलच्या वाढीने ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की, ८५ डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाकाठी आठ तासांहून अधिक काम करू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास. गोंगाटाने होणारी हानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत दिसते. मामांच्या श्रवणतपासणीच्या आलेखात नेमका तेथेच खळगा आहे. मनुष्याच्या अंतर्कर्णातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ट्रकने नेलेले मामांचे ऐकणे परत मिळणार नाही. जे शिल्लक आहे, त्याच्या आड येणारा गोंगाट दूर करणे एवढेच आपल्या हाती आहे.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वरांची ऊर्जा बरीचशी खालच्या वारंवारतेत असते व ती मोठी असते. 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने उंच वारंवारतेची आणि दुबळी असतात. त्यामुळे अशा माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे हे कळत नाही. 'सात' आणि 'हात' यांत त्याची गफलत होते.

खडखड : नको असलेली जवारी

वाहनातील आवाजांत खडखड ही सर्वांत त्रासदायक, पण दूर करण्यास सर्वांत स्वस्त. ती कशी निर्माण होते हे समजण्यास तंबोऱ्याकडे पाहावे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार धड टेकलेली नसते आणि धड सुटलेलीही नसते. ती घोडीच्या उतरत्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, आणि त्यातून स्वरांचे ते भरलेले गुंजन निघते. खाली सूत सरकवून गायक ही जवारी जुळवून घेतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात या घोडीच्या करामतीचे विवेचन केले होते.

वाहनात हीच गोष्ट नको असताना घडते. सैल झालेला बोल्ट, पट्ट्याची कडी, जागेवर नीट न बसलेला जॅक, दाराची झिजलेली चाकी, यांतील प्रत्येक ठिकाणी दोन वस्तू अर्धवट टेकलेल्या असतात आणि हादऱ्यासरशी एकमेकींवर आपटतात. यावर उपाय दोनच. त्या घट्ट आवळाव्यात, किंवा त्यांच्यामध्ये मऊ वस्तू घालून त्यांची गाठ पडू देऊ नये. त्यासाठी रबराची चकती, नमद्याची पट्टी किंवा वायरींना गुंडाळतात ती कापडी टेप पुरते. खडखडणाऱ्या वस्तूवर चादर चिकटवल्याने ती वस्तू घट्ट होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. मामांचे पैसे वाया गेले ते येथे.

खडखड शोधण्याची रीत सोपी आहे. वाहन पूर्ण रिकामे करावे. हत्यारे, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या सर्व काही खाली उतरवावे. मग एकाने खराब रस्त्यावर सावकाश चालवावे व दुसऱ्याने मागे बसून एकेक भाग हाताने दाबून पाहावा. हात ठेवताच आवाज थांबला, तर जागा सापडली. चालवणाऱ्याने स्वतः शोधू नये; त्याचे लक्ष रस्त्यावरच असावे.

घुमणारा पत्रा

देवळातली घंटा वाजवून तिच्यावर तळहात ठेवला की नाद विरतो. हात घंटेला थांबवून धरीत नाही. तिच्या कंपनाची ऊर्जा त्याच्या मऊपणात उष्णता होऊन जिरते. यास अवमंदन म्हणतात. चंदेरी चादरींचे खरे काम हेच होय. खाली चिकट ब्यूटिल रबर व वर अॅल्युमिनियमचा पातळ थर अशी त्यांची रचना असते. पत्रा वाकतो तेव्हा रबर पत्रा आणि अॅल्युमिनियम यांच्या कात्रीत सापडून ताणले जाते, आणि कंपन उष्णतेत बदलते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, चादर पत्र्याला पूर्ण चिकटलेली हवी. खाली धूळ किंवा तेल राहिले तर ती निरुपयोगी. दुसरी अशी की, सर्व पत्रा झाकण्याची गरज नसते. मोठ्या सपाट पत्र्याचा मधला भाग सर्वांत जास्त हलतो, तेथे एक तुकडा लावला तरी बराचसा फायदा पदरात पडतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. 'टण्ण' वाजले तर तेथे चादर हवी, 'ठप्प' वाजले तर पैसे वाचले.

बाहेरचा घोष

मोटार साधारण ताशी ५० किलोमीटरच्या पुढे एकाच वेगाने चालू लागली की, इंजिनापेक्षा टायर व रस्ता यांचाच आवाज वरचढ होतो. म्हणून पहिली तपासणी टायरची. एकसारखा न झिजता दाते पडलेला टायर गुरगुरतो. त्याला चादरीने काय करावे? टायरमधील हवा ठरलेल्या दाबाइतकी आहे की नाही, हेही पाहावे.

त्यानंतर फटी. समजा, एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळाच्या केवळ एक टक्का भाग उघडा आहे. तेवढ्या भोकातून एक टक्का ऊर्जा आत येणारच. त्यामुळे उरलेली भिंत कितीही जाड केली, तरी आवाज वीस डेसिबलपेक्षा अधिक घटणार नाही. दाराचे चिरलेले रबर बदलणे म्हणूनच फायद्याचे ठरते.

फटी बुजल्यावर वजनाचा विचार करावा. आवाज अडवण्यास जड पडदा लागतो, आणि सिद्धांतानुसार पडद्याचे वजन दुप्पट केले की सुमारे सहा डेसिबलचा लाभ होतो. यासाठी चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास वजनाचा व्हिनाइलचा पडदा मिळतो. तो पत्र्याला न चिकटवता मध्ये फोमचा थर ठेवून अंथरतात. पण व्हॅनचे वजन वाढले की इंधनही वाढते, हे विसरता कामा नये.

शोषणाची मर्यादा

शेवटी फोम. याच्या इतिहासात कला शाखेच्या वाचकांना गोडी वाटावी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह निकामी ठरले होते. रिकाम्या सभागृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणल्या आणि रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून, किती गाद्यांनी निनाद किती घटतो याची मोजणी केली. खोलीतील निनादाचे शास्त्र त्यातून उभे राहिले.

सॅबिनच्या गाद्यांनी सभागृहातला आवाज शोषला. बाहेरचा अडवला नाही. फोमचेही तसेच आहे. शिवाय मऊ थराने नीट शोषण करावे, तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असावी लागते. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे जाडी साडेआठ सेंटिमीटर हवी. १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याला ८५ सेंटिमीटर! सेंटिमीटरभर फोम फक्त वरची सळसळ टिपतो.

आम्ही काय केले

मे महिन्याच्या सुट्टीत मामा, गावातले मेस्त्री आणि मी असे तिघे व्हॅनला लागलो. तळाची चादर उचलली तेव्हा खालचा प्रकार पाहून मामा गप्पच झाले. चादरीखाली पावसाचे पाणी साचून पत्र्याला गंज चढला होता. मागच्या बाकाचा एक बोल्ट अर्धा सुटला होता. खडखडीपैकी एक तीच, आणि ती झाकून टाकली होती. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी जी भोके असतात, तीही चादरीने बुजली होती. कोकणच्या पावसात या चुकीची किंमत दाराचा पत्रा चुकवतो.

गंज घासून रंग दिला, बोल्ट आवळला, भोके मोकळी केली. सरकत्या दाराची चाकी व कुलपाची खोबण बदलली, दाराचे रबर नवे घातले, जॅकला नमदा गुंडाळला. चादरींचे चांगले तुकडे फक्त टण्ण वाजणाऱ्या जागी पुन्हा लावले. डांबरी चादर आम्ही टाळली. उन्हात ती मऊ पडते व वास मारते. कोणतीही वस्तू सायलेन्सरजवळ लावू नये, आणि ती सहज पेट घेणारी नाही याची खात्री करावी. नव्या वाहनांत एअरबॅग व वायरी असलेल्या खांबांना जाणकाराखेरीज कोणी हात लावू नये.

मोजण्याचे यंत्र आमच्याजवळ नव्हते. मोबाइलवरील माप अचूक नसते. पूर्वी व नंतर यांची तुलना करण्यापुरतेच ते वापरावे, आणि रस्ता, वेग व काचा सारख्या ठेवाव्यात. आम्ही वेगळी परीक्षा घेतली. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात मी मागच्या बाकावरून साध्या आवाजात दहा शब्द वाचले आणि मामांनी ते परत म्हटले. दुरुस्तीपूर्वी निम्मेही बरोबर आले नव्हते. दुरुस्तीनंतर दोन चुकले, त्यांत 'सात'चा 'हात' झाला होता. तो व्हॅनचा दोष नव्हे.

तात्पर्य, क्रम असा असावा : आधी आवळणे, मग आवाजाचे मूळ सुधारणे, घुमणारा पत्रा शांत करणे, फटी बुजवणे, आणि एवढे करूनही गरज उरली तर जड पडदा व फोम. या क्रमातील पहिली कामे स्वस्त आहेत व शेवटची महाग. दुकानात मात्र प्रारंभ शेवटापासून होतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मामा आता दार लागल्याचा 'खट्' आवाज ऐकू आल्याशिवाय व्हॅन हलवत नाहीत. तरीही खाली उतरून दार एकदा हाताने ओढून पाहतात.