दोन जुन्या पाँटून बोटी आणि एक मुखत्यारपत्र

प्रश्न : आमचे घर कर्ली खाडीच्या काठी, देवबागच्या अलीकडे आहे. वृद्ध आई, आम्ही दोघे भाऊ, बायका-मुले अशी दहा माणसे सुट्टीत एकत्र जमतात. सर्वांना मिळून खाडीतून फिरता यावे म्हणून एखादी जुनी पाँटून बोट घ्यावी असे मनात आहे. दोन बोटी पाहिल्या. पहिली ॲल्युमिनियमच्या दोन नळ्यांवर उभारलेली असून पुण्याकडील एका जलाशयावर एका गृहस्थांनी ती घरच्या वापरासाठी ठेवली होती. किंमत सात लाख. कारखान्याचे मूळ बिल आहे, पण नोंदणी कधीच झालेली नाही. दुसरी फायबरची, गोव्यात पर्यटकांसाठी चालणारी. किंमत पावणेपाच लाख. तिची नोंदणी आहे, मात्र ज्यांच्या नावे आहे ते आखातात नोकरीला असून त्यांचे चुलतभाऊ मुखत्यारपत्रावर ती विकत आहेत. कर्ज होते, ते फिटले असे सांगतात. पन्नास हजार इसार मागितला आहे. मुखत्यारपत्राची प्रत सोबत पाठवीत आहे. कागद असलेली बोट घ्यावी की बिनकागदाची? पुढे घरी उतरणाऱ्या निवास-न्याहरीच्या पाहुण्यांनाही तिच्यातून फिरवता येईल काय?
— एक वाचक, तालुका मालवण

उत्तर : आपला प्रश्न वरकरणी दोन वस्तूंतील निवडीचा दिसत असला, तरी मुखत्यारपत्राची प्रत वाचल्यावर तो प्रथम हक्काचा, मग पाण्याचा आणि सर्वांत शेवटी किमतीचा प्रश्न आहे असे मला वाटते, आणि त्या क्रमाने विचार करता, जिला कागद नाहीत म्हणून आपण कचरत आहात ती बोट काही अटींवर घेण्याजोगी, व जिच्या कागदांवर आपण विसंबू पाहता ती आजच्या स्थितीत टाळण्याजोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुखत्यारपत्रात बोटीची देखभाल करणे, ती चालविण्यास देणे, भाडे वसूल करणे आणि बंदर खात्यापुढे अर्ज रुजू करणे एवढे अधिकार तपशीलवार दिलेले आहेत. विक्रीचा अधिकार मात्र त्यात कोठेही नाही. मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालये काटेकोरपणे लावतात, आणि जो अधिकार शब्दांत दिलेला नाही तो नात्याच्या जवळिकीवरून गृहीत धरीत नाहीत. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २७ असे सांगते की, विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क, काही मोजके अपवाद सोडता, घेणाऱ्यास मिळत नाही. म्हणजे आपण पूर्ण रक्कम मोजून, ताबेपावती घेऊन बोट मालवणास आणली, तरी उद्या मूळ मालक परत येऊन ती माझी आहे असे म्हणाले, तर चुलतभावाविरुद्ध पैशाचा दिवाणी दावा लावण्यापलीकडे आपल्या हाती फारसे काही उरणार नाही. शिवाय मुखत्यारपत्र देणारा मृत झाल्यास, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत नसेल तर, त्याचा अधिकार सामान्यतः तेथेच संपतो. मालक आज हयात व राजी आहेत याची खातरजमा विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावरून होत नाही. ती मालकांकडून प्रत्यक्षच झाली पाहिजे.

हा दोष दूर होऊ शकतो. मालकांनी विक्रीचा स्पष्ट अधिकार देणारे नवे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक लावून घ्यावा. अथवा ते रजेवर घरी येतील तेव्हा स्वतःच खरेदीखतावर सही करावी, हे अधिक बरे. कर्जासाठी बँकेचा बेबाकी दाखला तर हवाच, पण नोंदणीवर गहाणाचा बोजा चढलेला असल्यास तो उतरल्याची नोंद गोव्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यातून नकलेने पाहावी. तोवर इसाराचा एक रुपयाही देऊ नये. इसार देऊन मग कागद मागणारा खरेदीदार आपली सारी ताकद पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि पुढे स्वतःचेच पन्नास हजार सोडवून घेण्यासाठी वाईट व्यवहार पुरा करण्याची पाळी त्याच्यावर येते.

पहिल्या बोटीची नोंदणी नसणे ही उणीवच आहे, आणि मूळ मालकांनी ती वेळीच भरून काढावयास हवी होती. परंतु मूळ बिल ज्यांच्या नावचे आहे तेच स्वतः विकणार असल्याने हक्काची साखळी तेथे अखंड आहे, आणि नोंदणीचा अभाव अर्ज, तपासणी व शुल्क यांनी भरून निघू शकतो. देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू झाला आहे. त्यात सर्वेक्षण, नोंदणी, विमा व चालविणाऱ्याची पात्रता यांच्या तरतुदी आहेत, आणि लाटांच्या उंचीप्रमाणे पाण्याचे विभाग पाडून कोणती नौका कोठपर्यंत जाऊ शकते हे ठरविण्याची व्यवस्था आहे. आपल्या बाजूस हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या वेंगुर्ला येथील प्रादेशिक बंदर कार्यालयाच्या कक्षेत येते. बोट घाट उतरण्यापूर्वीच मूळ बिल, मोजमापे, नळ्यांतील कप्प्यांचा तपशील आणि इंजिनाचा क्रमांक घेऊन तेथे जावे, आणि या बोटीस कर्ली खाडीसाठी नोंदणी मिळण्यास काय काय लागेल हे लेखी विचारून घ्यावे. किती माणसे बसवावयाची हा आकडाही सर्वेक्षणातूनच ठरू द्यावा. तो आठ निघाला, तर आपल्या दहा माणसांना दोन फेऱ्या कराव्या लागतील, आणि त्या कराव्यातच.

आता पाण्याविषयी. ही बोट आजवर गोड्या पाण्यात राहिली आहे, आणि आपली खाडी खारी आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या गंजून झिजू नयेत म्हणून त्यांना जे बळी-धातूचे तुकडे लावतात ते गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे असतात. खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने संपतात, म्हणून ते काढून जस्ताचे किंवा योग्य ॲल्युमिनियम मिश्रधातूचे लावावे लागतात. नळ्यांना तांबेयुक्त रंग कदापि लावू नये. तो ॲल्युमिनियम पोखरण्यास कारण होतो. सौदा ठरण्यापूर्वी बोट पाण्याबाहेर उचलून प्रत्येक कप्प्यातून पाणी निघते का, सांध्यांवर भेगा आहेत का, गालिचाखालील प्लायवूड कुजले आहे का, हे जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे आणि त्याचा अहवाल लेखी घ्यावा. ही काळजी कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १९ च्या अपवादानुसार, विकणाऱ्याने दोष लबाडीने मौन धरून झाकला असला, तरी साधारण दक्षतेने तो आपणांस कळण्याजोगा होता असे ठरल्यास करार रद्द करण्याचा आपला हक्क जातो. म्हणून विकणाऱ्यास ठळक गोष्टी लेखी विचाराव्या, आणि त्याची उत्तरे करारात उतरवून घ्यावी.

दुसरी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. पाँटून बोट स्थिर असते, आपल्या आईंना तिच्यावर चढणे-उतरणे सोपे जाईल, मुलांना सपाट फलाटावर मोकळे बसता येईल. हे सारे खाडीच्या शांत पाण्यापुरतेच खरे आहे. देवबागजवळ, जेथे कर्ली समुद्रास मिळते, तेथे ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून येणारी लाट उथळ वाळूवर उंच व आखूड होते, आणि अशी लाट सखल फलाटाच्या पुढच्या कडेवरून आत आली की नौकेचे नाक दाबले जाते. माणसे त्याच वेळी घाबरून एका बाजूस धावतात, हे तर आणखीच घातक. आमचे जुने मच्छीमार होडीला उलांडी लावून तिचा तोल सांभाळीत, तरीही पाणी पाहूनच बाहेर पडत. म्हणून करार करण्याआधीच घरात असा नियम ठरवावा की ही बोट खाडीचे मुख ओलांडणार नाही, आणि पावसाळ्यात, जेव्हा मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत जलविहार बंद ठेवण्यात येतो, तेव्हा ती काठावर ओढलेली असेल.

पाहुण्यांना फिरविण्याचा विचार तूर्त पूर्णपणे सोडावा. पैसे घेऊन अथवा खोलीभाड्यातच फेरी धरून पाहुणे नेले की बोटीचा वापर व्यावसायिक ठरू शकतो. मग परवाना, तपासणी, चालकाची पात्रता आणि विमा यांचे प्रश्न नव्याने उपस्थित होतात, आणि खासगी वापरासाठी उतरविलेला विमा अपघातसमयी नाकारला जाण्याचा धोका संभवतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून दोघांचे प्राण गेले, हे मालवणकरांनी विसरू नये. पुढे हा व्यवसाय करावयाचाच झाल्यास तो आरंभापासून व्यवसाय म्हणूनच उभारावा, आणि त्यासाठीची बोटही त्या हिशेबाने पाहावी.

किमतीचे म्हणाल तर सात आणि पावणेपाच या आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. पहिलीच्या सात लाखांत ट्रकने फोंडा किंवा आंबोली घाट उतरविण्याचा खर्च, जस्ताचे तुकडे, नोंदणी, विमा आणि घरातील प्रत्येकाच्या मापाची जीवरक्षक जाकिटे, मुलांची वेगळी, हे मिळवावे. नव्या विहारनौकेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, तेव्हा जुनी घेण्याचा आपला विचार वावगा नाही. मात्र हा वरखर्च पुढे करून विकणाऱ्याकडे किंमत खाली मागण्याचा आपणांस पुरता अधिकार आहे.

करारात तीन गोष्टी असाव्यात. नोंदणी मिळण्याजोगी नाही असे बंदर कार्यालयाने कळविल्यास इसार पूर्ण परत मिळेल. इंजिन व इतर सामान यांची क्रमांकांसह यादी सोबत जोडलेली असेल. आणि तिसरी, जी लोक बहुधा विसरतात : मालविक्री कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मालकी ज्याची त्याच्याच माथी नुकसानीची जोखीम असा सर्वसाधारण नियम असल्याने, बोट मालवणास पोहोचून आपण ताबेपावतीवर सही करीपर्यंत मालकी व जोखीम दोन्ही विकणाऱ्याकडेच राहतील, असे स्पष्ट लिहून घ्यावे. रक्कम बँकेमार्फतच द्यावी, आणि शेवटचा हप्ता त्या सहीनंतर.