जात्यावरची जोडीदारीण

सुमे, पंचमीलाच माझ्या लक्षात आलं होतं. लिंबाखाली माहेरवाशिणींच्या फुगड्या रंगल्या होत्या आणि तू ओट्यावर पोराला मांडीवर घेऊन बसलीस. "पोरगं रडायलंय," म्हणालीस. पोरगं गाढ झोपलेलं! जेवून उठताना तुझा एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. रात्री खोदून विचारलं तेव्हा बोललीस, "गुडघे दुखायलेत गं अक्का. वंगण संपलं असंल."

चौतिसाव्या वर्षी वंगण संपत नसतं, वेडे. हे कुणी सांगितलं तुला? बाम विकणाऱ्यानं?

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्लास्टिकचा सांगाडा आहे. पोरं त्याला मामा म्हणतात. मामा डोक्यातल्या कडीनं खुंटीला टांगलेला असतो. दरवर्षी आठवीतलं कुणीतरी विचारतंच, "बाई, मामाला खाली उभं का नाही करत?" मी कडी काढून दाखवते. मामा गपकन खाली बसतो, मान छातीवर, पाय कुठल्याकुठं. हाडं सगळी आहेत, तारेनं जोडलेलीही आहेत, पण ओढून धरणारं कुणी नाही. आपल्या अंगातली 206 हाडं आपोआप उभी राहत नाहीत, स्नायू त्यांना उभं धरतात.

आणि स्नायूला एकच काम येतं, ओढायचं. ढकलणं त्याला जमतच नाही. दंडाच्या पुढच्या स्नायूनं ओढलं की कोपर वाकतं. ते सरळ करायला तो काहीच करू शकत नाही, तिथं दंडाच्या मागचा ओढतो. आता आजीचं जातं आठव. आजी आणि मोठी काकू समोरासमोर बसायच्या, खुंटा एकच. एकीनं ओढलं की दुसरी हात सैल सोडायची, मग ती ओढायची आणि ही सोडायची. दोघींनी एकदम ओढलं तर जातं जागचं हलत नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईला म्हणे प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागायचा. मला त्यात भक्तीइतकाच अनुभव दिसतो. एकटीनं जातं ओढलेल्या बाईलाच जोडीदार किती हवासा वाटतो ते ठाऊक.

गुडघ्यातही अशीच जोडी आहे. मांडीचा पुढचा स्नायू पाय सरळ करतो, मागचा दुमडतो. पुढचा अंगानं दणकट, पण तो नडगीच्या हाडाला थेट धरत नाही. त्याचा दोर वाटीवरून खाली जातो, मोटेच्या चाकावरून नाडा जायचा तसा. वाटी असल्यामुळं थोड्या ओढीत जास्त काम होतं. (तुझ्या पोराची वाटी अजून कूर्चेचीच आहे बरं. तिचं हाड व्हायला तीन वर्षांनंतर कुठं सुरुवात होते. म्हणून तर रांगताना पोरांना काही वाटत नाही असं मी म्हणते, पण हा माझा आपला तर्क.)

तू सोयाबीनमधे खुरपायला बसतेस तेव्हा काय होतं बघ. उकिडवं बसून पुढं पुढं सरकायचं. पुढचा स्नायू ताणलेलाच आणि त्या ताणानं वाटी मांडीच्या हाडावर दाबलेलीच. उकिडवं बसण्यात वाईट काही नाही, आपल्या आज्या-पणज्या तशाच बसल्या. पण त्या उठायच्या, पाणी आणायच्या, परत बसायच्या. तुमची पात लागली की मागं राहायचं नाही, ही ईर्षा. दोन-दोन तास कुणी उठत नाही. ओढणारी ओढतेच आहे, सोडायची पाळी येतच नाही. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट शिरत नाही, मग तो भरून येतो, थरथरतो, दुखतो.

हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेचं तर आणखी वेगळं. तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत. सांध्यातलं ते तुझं वंगण तिला जेवू घालतं, आणि तेही दाब पडला, सुटला, पडला, सुटला तरच. ओलं फडकं पिळावं आणि परत पाण्यात सोडावं तसं. नुसतं दाबून ठेवलं तर उपाशी, आणि दुखतंय म्हणून महिनाभर खाटेवर पडलीस तरी उपाशीच. म्हणून तुला "आराम कर" म्हणत नाही मी. तसंही कुणी करू देणार आहे का?

पात संपली की उभी राहा. सासू काय म्हणेल याचा विचार करू नको, बांधापर्यंत दहा पावलं चालून ये. मधे एक गुडघा जमिनीला टेकव, थोड्या वेळानं दुसरा. जिथं ओळीत जागा आहे तिथं उभ्यानं चालवायचं हातकोळपं घ्यायला दाजींना सांग. नाही ऐकलं तर मी सांगते. रात्री पाय लांब करून बस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघ्यानं ती दाब, पाच आकडे मोज आणि सोड. दहा वेळा एका पायानं, दहा वेळा दुसऱ्या. सोडताना पूर्ण सोड, तिथंच सगळ्या बाया घाई करतात. पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा भार तो उचलतो. गुडघा सुजला, गरम लागला, वाकलेलाच अडकला किंवा पायाला मुंग्या येऊन बधिर झाला, तर मात्र माझं काही ऐकू नको, सरळ डॉक्टरला दाखव.

कंबरेचं अजून बोलली नाहीस, पण हंडा उचलताना बघितलंय मी तुला. 12 लिटरचा हंडा, हात लांब करून, कंबरेत वाकून. मणक्यामागचे स्नायू मणक्यापासून साधारण 5 सेंटीमीटरवरून ओढतात आणि हंडा पुढं 40 सेंटीमीटरवर. म्हणजे आठपट. त्या 12 किलोसाठी पाठीला जवळजवळ शंभर किलोंची ओढ द्यावी लागते, वरच्या धडाचं वजन धरलंच नाही यात. हंडा अंगाशी आण, गुडघ्यात वाक, मग ऊठ. निम्मं ओझं तिथंच उतरतं.

दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी लागेल. तिथं किलोवर मजुरी, म्हणजे उठायचं आणखीच अवघड. ओटी पोटाशी भरत जाते आणि तू पुढं वाकत जातेस, हिशेब तोच हंड्याचा. ओटी अर्धी झाली की रिकामी करून ये. पाच-सहा फेऱ्या वाढतील, वाढू दे.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतात राबणाऱ्या बायकांच्या काबाडकष्टांवरही काम होतं. वेचणीसाठी वेगळ्या पिशव्या, हातमोजे, सोपी अवजारं असं बरंच. आपल्यापर्यंत पोचतं त्यातलं थोडंच, कारण मेळाव्याला गाडीत बसून पुरुषमंडळी येतात आणि बियाणं घेऊन जातात. 17 सप्टेंबरला रब्बीचा मेळावा असतो. मी शाळेतलं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकून येते, तू मानवतहून सकाळची एसटी धर. पोराला सासूकडं ठेव. पिशवी आधी अंगावर घालून बघू, वाकून बघू, मगच घेऊ.