मुकादमाविना यंत्रांचे सहकार्य

अनेक स्वयंचलित यंत्रांकडून एकच काम करवून घ्यावयाचे, तर त्यांवर एक मुकादम-यंत्र नेमावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ते बंद पडले की सारेच काम खोळंबते. सबब दुसरी रीत निघाली. इ. स. २०१४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १०२४ चिमुकल्या यंत्रमानवांनी सुमारे १२ तासांत चांदणीची आकृती रचली. आकृतीचा नकाशा प्रत्येकापाशी होता. संभाषण मात्र केवळ जवळच्या शेजाऱ्यांशी, अवरक्त किरणांच्या द्वारे. चौघे मूळ स्थान दाखवीत स्थिर राहिले. बाकीचे कडेकडेने सरकत, शेजाऱ्यांपासूनचे अंतर मोजून आपली जागा ठरवीत. कोठे खोळंबा झाल्यास शेजारीच तो ओळखून निवारीत. शेतात अशी यंत्रे आणू इच्छिणाऱ्याने प्रथम हेच विचारावे की, एक बिघडल्यास बाकीची काय करतील?